बाकुची, हळद आणि प्रकाश : विषाणूंच्या निष्क्रियतेचा एक विचार

औषधी द्रव्याला प्रकाशाची जोड मिळाली की त्याच्या अंगी नवे सामर्थ्य येते, ही गोष्ट आयुर्वेदाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. चरकसंहितेच्या कुष्ठचिकित्सेत श्वित्राच्या रुग्णाला काकोदुंबराचा रस गुळासह देऊन, स्नेहन करून, त्याच्या बलानुसार उन्हात बसविण्यास सांगितले आहे. त्वचेवर उठणारे फोड फोडावेत, असेही तेथे स्पष्ट म्हटले आहे. द्रव्य, ऊन आणि त्वचेवरील प्रतिक्रिया या तिन्हींचा परस्परसंबंध त्या आचार्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. आधुनिक विज्ञानाने गेल्या सव्वाशे वर्षांत या संबंधाचा उलगडा केला. आज त्याच तत्त्वावर रक्तपेढीतील प्लेटलेट व प्लाझ्मा यांतील विषाणू निष्क्रिय केले जातात. या विषयाचा परामर्श घेताना त्यातले आपले काय, त्याची मर्यादा कोणती आणि आपल्या चिकित्सालयात व औषधालयात त्याचा अर्थ काय, एवढे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

विषय प्रयोगशाळेतला असला तरी त्याची निकड आम्हांला महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यात जाणवते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे कोंढाळकरवाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्याच अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यातही दरडींनी बळी घेतले आणि सावित्री व गांधारी या नद्यांच्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले. वाचलेल्यांना दीर्घकाळ तात्पुरत्या निवाऱ्यांत राहावे लागले. कोविडची साथही तेव्हा ओसरलेली नव्हती. अशा वेळी दाटीवाटीचा निवारा, गढूळलेल्या विहिरी आणि ओले कपडे हेच रोगाचे क्षेत्र होऊन बसते. गावातील वैद्याकडे आणि औषधविक्रेत्याकडे लोक तेव्हा एकच प्रश्न घेऊन येतात : जंतू मारील असे घरच्या घरी काही आहे का? हळदीचे पाणी उन्हात ठेवून प्यावे काय, निळ्या दिव्याखाली गुळण्या कराव्यात काय, असे प्रश्नही येतात. याचे उत्तर जबाबदारीने द्यावयाचे तर प्रकाशक्रियेचे शास्त्र मुळातून समजून घेतले पाहिजे.

प्रकाशक्रियेचा शोध

१९०० साली म्युनिक येथे ऑस्कर राब हा विद्यार्थी ॲक्रिडिन नावाच्या रंगद्रव्याचा पॅरामीशियम या सूक्ष्मजीवावर होणारा परिणाम अभ्यासत होता. तेच द्रव्य, तेच प्रमाण असूनही जीव मरण्यास कधी थोडा वेळ लागे, तर कधी पुष्कळ. हा फरक उजेडामुळे पडतो, हे त्याच्या ध्यानी आले. त्याचे गुरू हेर्मान फॉन टापायनर यांनी पुढे या क्रियेला 'फोटोडायनॅमिक' अशी संज्ञा दिली. आपण तिला प्रकाशगतिक क्रिया म्हणू. १९३३ साली पेर्द्रो व टॉड या संशोधकांनी मिथिलीन ब्लू हा निळा रंग आणि प्रकाश यांच्या संयोगाने काही विषाणू निष्क्रिय होतात, हे दाखविले. म्हणजे विषाणूंच्या बाबतीतही ही विद्या नव्वद वर्षांहून जुनी आहे.

क्रियेचे स्वरूप असे आहे. काही द्रव्ये विशिष्ट रंगाचा प्रकाश शोषून घेतात आणि उत्तेजित अवस्थेत जातात. ही ऊर्जा ती जवळच्या ऑक्सिजनला देतात आणि त्यातून 'सिंगलेट ऑक्सिजन' नावाचा अत्यंत क्रियाशील प्रकार निर्माण होतो. त्याचे आयुष्य पाण्यात अवघे काही मायक्रोसेकंद असते. तेवढ्यात तो विषाणूचे स्नेहमय आवरण, प्रथिने व जनुकद्रव्य यांपैकी जे हाती लागेल त्याची हानी करतो. यावरून तीन अटी आपोआप निघतात. द्रव्य विषाणूच्या अगदी निकट असले पाहिजे, योग्य रंगाचा व पुरेसा प्रकाश तेथवर पोहोचला पाहिजे आणि तेथे ऑक्सिजन असला पाहिजे. यातील एक जरी अट सुटली तरी क्रिया घडत नाही. पुढील सर्व विवेचनाची किल्ली याच तीन अटींत आहे.

बावचीच्या बियांपासून रक्तपेढीपर्यंत

बाकुचीची कथा याहून थोडी निराळी आणि आपल्या अधिक जवळची आहे. १९३३ सालीच जोईस, मंजुनाथ व वेंकट राव या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी बावचीच्या बियांचे रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले आणि त्यातून सोरॅलेन हे द्रव्य पुढे आले. बाकुचीच्या 'सोरॅलिया कोरिलिफोलिया' या शास्त्रीय नावावरूनच त्याचे नामकरण झाले आहे. १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात इजिप्तमध्ये अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी 'अम्मी माजुस' या वनस्पतीतील त्याच कुळातल्या द्रव्याचा पांढऱ्या डागांवर सूर्यप्रकाशासह उपयोग केला. ही वनस्पतीही तेथील परंपरेत जुन्या काळापासून वापरात होती. १९७४ मध्ये अमेरिकेत सोरॅलेन व दीर्घलहरी अतिनील किरण यांची जोड सोरायसिसच्या उपचारात आली आणि तो उपचार 'पुवा' या नावाने सर्वत्र रूढ झाला.

सोरॅलेन हे अतिनील प्रकाशात ऑक्सिजनच्या मध्यस्थीवर मुख्यतः अवलंबून राहत नाही. त्याचा चपटा रेणू जनुकद्रव्याच्या जिन्यासारख्या रचनेत दोन पायऱ्यांच्या मध्ये शिरून बसतो. प्रकाश पडताच तो दोन्ही बाजूंना घट्ट जोडला जातो आणि जिन्याचे दोन दांडे एकमेकांस बांधले जातात. बांधलेले जनुकद्रव्य उलगडत नाही. उलगडत नाही म्हणून त्याची प्रत निघत नाही आणि विषाणूची वाढ खुंटते. गंमत अशी की प्लेटलेट व प्लाझ्मा यांना आपले कार्य करण्यास केंद्रकीय जनुकद्रव्याची गरज नसते. त्यामुळे विषाणू निकामी होतो आणि रक्तघटक उपयोगी राहतो.

या विचारातून अ‍ॅमोटोसॅलेन हे कृत्रिम सोरॅलेन तयार झाले. प्लेटलेटच्या पिशवीत ते ठरावीक प्रमाणात मिसळतात, पिशवी यंत्रात ठेवून प्रति चौरस सेंटिमीटर ३ ज्यूल इतका दीर्घलहरी अतिनील प्रकाश देतात आणि उरलेले द्रव्य शोषक पदार्थाने काढून टाकतात. युरोपात प्लेटलेटसाठी ही पद्धत २००२ मध्ये व अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये मान्य झाली. २००६ साली हिंदी महासागरातील रीयुनियन बेटावर चिकुनगुन्याची प्रचंड साथ आली, तेव्हा स्थानिक रक्तदात्यांच्या प्लेटलेट सुरक्षित करण्यासाठी हीच पद्धत तेथे उपयोगात आणली गेली. त्याच वर्षी महाराष्ट्रातही चिकुनगुन्याने गावेच्या गावे आजारी पाडली होती, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. प्लाझ्मासाठी मिथिलीन ब्लू व दृश्य प्रकाश, तसेच प्लेटलेट व प्लाझ्मासाठी रिबोफ्लेविन म्हणजे जीवनसत्त्व ब-२ व अतिनील प्रकाश, या पद्धतीही काही देशांत रूढ आहेत.

या यशाचा आम्हांला आनंद आहे. परंतु त्याचे श्रेय घेताना भाषा मोजून वापरावी लागेल. बाकुची आणि ऊन यांचा संबंध आपल्या वैद्यांनी जाणला, हे खरे. बाकुचीने विषाणू मरतात असे मात्र त्यांनी म्हटलेले नाही, आणि रक्तपेढीतील द्रव्य हे बाकुचीचे चूर्ण वा तेल नव्हे. बाकुची पोटात घेतल्याने डेंग्यू वा चिकुनगुन्याचा विषाणू नष्ट होतो, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. पिशवी पारदर्शक आहे, मनुष्यदेह तसा नाही.

जेथे प्रकाश पोहोचत नाही

निळा प्रकाश त्वचेत साधारण एखादा मिलिमीटर जातो, तांबडा काही मिलिमीटर. फुप्फुस, यकृत, आतडे येथे तो पोहोचत नाही. यामुळे पोटातून दिलेले प्रकाशसंवेदी द्रव्य अंतर्गत विषाणूवर प्रकाशक्रियेने काम करील, ही अपेक्षाच चुकीची ठरते. अमेरिकेत हायपेरिसिन या वनस्पतिजन्य द्रव्याचा एचआयव्हीच्या रुग्णांवर प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूवर परिणाम दिसला नाही, उन्हात जाणाऱ्या रुग्णांच्या त्वचेचा तीव्र दाह मात्र झाला. द्रव्य जेथे प्रकाश नाही तेथे निरुपयोगी ठरले आणि जेथे प्रकाश आहे तेथे अपायकारक ठरले. कोविडच्या काळात आपल्याकडेही मिथिलीन ब्लू तोंडावाटे घेण्याची लाट आली होती. तिचे समर्थन प्रकाशक्रियेच्या आधारे करणाऱ्यांनी प्रकाश कोठून आणला, हा प्रश्न विचारावयास हवा होता. शिवाय जी-६-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या व्यक्तींत मिथिलीन ब्लूमुळे रक्तपेशी फुटू शकतात आणि काही मानसविकारांच्या औषधांसह ते घेतल्यास गंभीर उपद्रव होतो.

दुसरा धडा १९७०च्या दशकातील आहे. नागिणीच्या कुळातील हर्पिस सिम्प्लेक्स या विषाणूच्या फोडांवर न्यूट्रल रेड हा रंग लावून प्रकाश देण्याचा उपचार तेव्हा अमेरिकेत लोकप्रिय झाला होता. १९७३ मध्ये प्रयोगशाळेत असे आढळले की प्रकाशाने निष्क्रिय केलेला विषाणू संसर्ग करू शकत नसला तरी प्राण्यांच्या पेशींत अर्बुदासारखे परिवर्तन घडवू शकतो. १९७५ मध्ये तुलनात्मक चाचणीत उपचाराचा लाभच दिसला नाही. उपचार मागे पडला. 'निष्क्रिय' आणि 'निरुपद्रवी' हे शब्द समानार्थी नाहीत, हे या घटनेने वैद्यकाला शिकविले.

तिसरी मर्यादा आपल्या कोकणासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. स्नेहमय आवरण असलेले विषाणू, उदाहरणार्थ एचआयव्ही, हेपॅटायटिस बी व सी, डेंग्यू, चिकुनगुन्या, हे या पद्धतींना सहज बळी पडतात. आवरण नसलेले, घट्ट प्रथिनकोशाचे विषाणू दाद देत नाहीत. हेपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू अशा चिवट वर्गात मोडतात. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ मुख्यतः याच दोन विषाणूंची. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून पसरलेली कावीळ हेपॅटायटिस ईची होती, आणि गर्भवतीमध्ये हा विकार प्राणघातक ठरू शकतो. म्हणजे रक्तपेढीतील अद्ययावत यंत्राला जे विषाणू जुमानत नाहीत, ते हळदीच्या पाण्याच्या बाटलीला जुमानतील, असे मानणे धाडसाचे आहे.

हळदीचे स्थान

हळदीविषयी आपल्या मनात जिव्हाळा आहे आणि तो सकारण आहे. जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करविले. त्या लढ्यात जुने ग्रंथाधार कामी आले. हळदीतील कर्क्युमिन हे खरोखर प्रकाशसंवेदी द्रव्य आहे. सुमारे ४२० ते ४३० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ते उत्तम शोषते. प्रयोगशाळेत कर्क्युमिन व निळा प्रकाश यांच्या योगाने नोरोव्हायरसच्या जातीतील उंदरांच्या विषाणूची संख्या घटल्याचे चीनमधील संशोधकांनी गेल्या दशकात दाखविले, आणि हा प्रयोग कालवांवरही करून पाहिला. कालवे खाणाऱ्या आपल्या किनारपट्टीला हा विषय परका वाटू नये. अन्नपदार्थांचा पृष्ठभाग, मुखरोगात हिरड्यांवरील कीट, वरवरचे व्रण, ही या विद्येची योग्य क्षेत्रे ठरू शकतात, कारण तेथे तिन्ही अटी पूर्ण होऊ शकतात.

परंतु कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. प्रयोगात ते विशिष्ट द्रावकात, मोजून, ठरावीक ताकदीच्या दिव्याखाली वापरलेले असते. घरातील हळदपूड पाण्यात टाकली तर पाणी गढूळ होते आणि हा गढूळपणाच प्रकाशाला अडवितो. तेव्हा हळदीचे पाणी उन्हात ठेवल्याने ते निर्जंतुक होते, असे आपण रुग्णास सांगू नये.

पाणी, ऊन आणि ऋतू

नुसत्या उन्हाने पाणी शुद्ध करण्याची पद्धत मात्र शास्त्रसिद्ध आहे. बैरूत येथे अफ्तिम आक्रा यांनी १९८०च्या सुमारास तिचा पाया घातला आणि स्वित्झर्लंडमधील जलसंशोधन संस्थेने १९९१ पासून तिचा पाठपुरावा केला. दोन लिटरपर्यंतच्या स्वच्छ, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत निवळ पाणी भरून सहा तास कडक उन्हात आडवे ठेवावयाचे. आकाश निम्म्याहून अधिक ढगाळ असेल तर दोन दिवस. सतत पाऊस असल्यास ही पद्धत वापरू नये, हा तिचाच नियम आहे. जिवाणूंच्या मानाने विषाणू या पद्धतीला अधिक प्रतिकार करतात, हेही लक्षात ठेवावयास हवे.

येथे आपल्या संहितांची ऋतुदृष्टी पाहून मन थक्क होते. सुश्रुताने दूषित जलाच्या शुद्धीसाठी अग्नीवर उकळणे, सूर्याच्या उन्हात तापविणे आणि तप्त लोहगोल विझविणे असे उपाय दिले आहेत. चरकाने दिवसा सूर्याने तापलेले व रात्री चंद्राने निवलेले 'हंसोदक' प्रशस्त मानले, परंतु ते शरद ऋतूत. वर्षा ऋतूत त्याने नदीचे पाणी वर्ज्य सांगितले आणि विहिरीचे वा तळ्याचे पाणी तापवून गार केलेले घ्यावे, असा उपदेश केला. ज्या काळात ऊन नाही त्या काळात उन्हावर विसंबू नये, हा विवेक त्यात आहे. तळीये, पोलादपूर किंवा सावित्रीकाठच्या कोणत्याही गावात जुलै-ऑगस्टमध्ये द्यावयाचा सल्ला याहून वेगळा असू शकत नाही. पाणी गाळून खळखळून उकळावे. उकळणे शक्य नसेल तेथे मेडिक्लोरसारखे क्लोरीनचे द्रावण सांगितलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडते आहे की नाही, याकडे ग्रामपंचायतीचे लक्ष वेधावे. हे काम वैद्याच्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे नाही.

चिकित्सालयात आणि औषधालयात

प्रकाशक्रियेच्या ज्ञानाचा आपल्या दैनंदिन व्यवहारात सर्वांत मोठा उपयोग अपाय टाळण्यासाठी आहे. बाकुची तेल, सोमराजी तैल किंवा बाकुचीयुक्त चूर्ण देताना रुग्णास उन्हाची वेळ व मर्यादा लिहून द्यावी. तेल लावून शेतावर दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या अंगावर भाजल्यासारखे फोड उठतात. लिंबाचा रस, अंजिराचा चीक हेही उन्हात असाच दाह करतात, याची कल्पना द्यावी. बाकुचीच्या अंतर्गत सेवनाने यकृताला इजा झाल्याची प्रकरणे वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. म्हणून शोधन, मात्रा आणि कालावधी यांत हयगय नसावी, आणि कावीळ झालेल्या वा होऊन गेलेल्या रुग्णास ती पोटातून देऊ नये. 'पुवा' उपचार दीर्घकाळ घेतलेल्यांत त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हेही ध्यानात असावे.

पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधासाठी किंवा उपचारासाठी डॉक्सिसायक्लिन दिले जाते. हे औषधदेखील त्वचेला उन्हाविषयी संवेदनशील करते. ते चालू असलेल्या रुग्णास बाकुची देऊन उन्हात बसविणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. रुग्ण आपल्याकडे येताना सरकारी दवाखान्यातील गोळ्यांचा उल्लेख करीलच असे नाही. आपणच विचारले पाहिजे. औषधविक्रेत्यानेही बाकुचीची बाटली हातात देताना हा एक प्रश्न अवश्य विचारावा.

औषधालयाच्या मालकांना आणखी एक विनंती. विषाणुनाशक दिवा, प्रकाशाने जागृत होणारा हळदीचा अर्क, अशा नावांची उत्पादने विक्रीस आली तर चार गोष्टी विचाराव्यात : कोणत्या विषाणूवर चाचणी झाली, प्रकाशाचा रंग व मात्रा किती, चाचणी काचपात्रात झाली की माणसांत, आणि परवाना कशासाठी मिळाला आहे. उत्तर मिळाले नाही तर माल ठेवू नये. १९५४च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या परिशिष्टात पांढऱ्या कोडाचाही समावेश आहे. तो बरा करण्याचा दावा करणारी बाकुचीची जाहिरात दुकानावर लावणे हे त्या कायद्याने आक्षेपार्ह ठरते.

संशोधनाची दिशा

आयुर्वेद महाविद्यालयांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या क्षेत्रात करण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र प्रयोगाची मांडणी काटेकोर हवी. द्रव्य व प्रकाश दोन्ही, द्रव्य पण अंधार, प्रकाश पण द्रव्य नाही, आणि दोन्ही नाहीत, असे चार गट नसतील तर परिणाम कशाचा हे कळणार नाही. राबच्या निरीक्षणाचे मोल अंधारातील आणि उजेडातील तुलनेतच होते. काकोदुंबर, बाकुची, दारुहळद, हळद या द्रव्यांचे शोधनापूर्वीचे व शोधनानंतरचे प्रकाशगुण मोजून पाहणे हा एक उत्तम विषय आहे. शोधनाने दाहकता घटते, असे आपण शिकतो आणि शिकवितो. प्रकाशमापकाखाली ती किती घटते, हे आपणच दाखविले पाहिजे. तसे झाले तर मात्रा ठरविण्यास वैद्याला आणि लेबल लिहिण्यास उत्पादकाला पक्का आधार मिळेल.

तोपर्यंत बाकुची श्वित्रासाठी, योग्य रुग्णात, योग्य उन्हात वापरावी. हळद तिच्या ग्रंथोक्त अधिकारात वापरावी. आणि येत्या पावसाळ्यात डोंगरकुशीतल्या वाडीवरून कोणी जंतुनाशक मागावयास आले, तर त्याच्या घरी पाणी उकळण्यासाठी सुके सरपण वा गॅस आहे की नाही, याची चौकशी आधी करावी.